वीस सेकंद

उम्म अल कुवेनात ऑगस्टची हवा अंगावर नेसावी लागते,
जाड, खारट, धुवून न पिळलेली.
कॉलेजच्या गच्चीवर रात्री अडीचला
मी अँटेनाच्या गियरला ग्रीस लावतो.
खाली खारफुटीच्या कडेला रोहित पक्षी
एका पायावर झोपलेले.

पंधरा वर्षं एसी दुरुस्त केले.
हवा माझ्या लेखी डक्टमधून ढकलायची वस्तू:
इतके टन, इतकी थंडी, इतकं बिल.
मग मैसूनने वर बोलावलं, कारण मोटार अडकली होती
आणि मोटारी माझं ऐकतात.
"मिस्टर बारुलेकर," ती म्हणते.
तिच्या भाषेत माझा प नाही, ळ तर नाहीच.
ती दोन अक्षरं मी खोलीवर ठेवून येतो.

वर चौघे आहेत. बिस्किटाच्या डब्याएवढे,
चार-चार किलोचे, इंधन नसलेले.
दाना, जीवन, यक्का, बदला:
मोत्यांची जुनी नावं, तिच्या पणजोबाच्या तोंडची.
मला त्यात शेंगेतला दाणा दिसला,
पत्त्यांतला एक्का,
आणि जीवन तर आमच्या वर्गात दोन होते.

तिथे हवा आहे म्हणावं तर आहे.
मुठीतली हवा अख्ख्या गावावर पसरावी, तेवढी.
पण तेवढ्यानंही कुणाचा कान धरता येतो.
मागे राहिलेल्याला पुढे आणायचं
तर त्याला पंख पसरून आडवा करायचा.
तो अडखळतो, जरासा खाली उतरतो
आणि खालच्या वाटेनं पुढे निघून जातो.
मी तीनदा विचारलं: ब्रेक लावला की पुढे?
मैसूनने कागदावर एकात एक दोन वर्तुळं काढली,
आतल्यावर पेन्सिल टेकवली. "बस."
ब्रेक लावून पुढे गेलेला एकही माणूस
मला आठवेना.
जिना उतरताना दोन आठवले.

दोघांच्या मधे दीडशे किलोमीटर, म्हणजे वीस सेकंद.
तेच खरं यंत्र, डबे नुसते निमित्त.
एकट्याला हवा फक्त लागते.
चौघे एकामागून एक त्याच जागेवरून गेले
की ती कुठे दाटली, कुठे विरली, ते कळतं.

सप्टेंबरात सूर्य खवळला.
वरची हवा दुधासारखी उतू आली.
जीवनचा पंख आडवा होता, तो आडवाच राहिला.
सात मिनिटांच्या फेरीत अठरा वेळा सांगितलं:
वळ. वळ रे.
मैसून अरबीत पुटपुटत, मी मराठीत,
जुन्या कॉम्प्रेसरला घालतो त्या शिव्या घालत.
तो खाली आणि पुढे, खाली आणि पुढे,
दर फेरीला ठरल्या वेळेआधीच क्षितिजावर,
शाळा उघडायच्या आत पायरीवर बसलेल्या पोरासारखा.

पणजोबा बुडी मारणारा नव्हता, तिने तेव्हा सांगितलं.
होडीवर बसून दोर धरणारा.
खालच्याचा श्वास संपत आला की दोराला हिसका बसे,
मग ओढायचं. एवढंच काम.
"आणि हिसका बसलाच नाही तर?"
"मोजत राहायचं," मैसून म्हणाली.
"मग तरीही ओढायचं."

शेवटच्या फेरीत जीवनचे आकडे स्वच्छ आले.
इतकी दाट हवा चौघांत कुणी मोजली नव्हती.
दीड तासानं अँटेना त्याच्यासाठी वळली,
रिकामं आकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून
जागेवर आली.
गियर वाजला नाही. ग्रीस चांगलं होतं.

वही मी देवनागरीत लिहितो, कुणी तपासत नाही.
आता दाना येतो, मग चाळीस सेकंद काही नाही,
मग यक्का, मग बदला.
हे अंतर मिटवू, मैसून म्हणते,
यक्काला जरा अडवू, म्हणजे तो पुढे सरकेल.
उद्या, मी म्हणतो.
परवाही हेच म्हणालो होतो.

दाना गेला. मी हळू आवाजात मोजू लागतो.
तिला मराठी आकडे येत नाहीत,
तरी अठरा, एकोणीस, वीसला
ती स्क्रीनवरून मान वर करते.
एकवीस. बावीस.